डाव्या खांद्याची घडी

कडूबानं काखेतलं गाठोडं सोडलं, आतला काळा कोट कापण्याच्या फळीवर पसरला आणि पागोटं सारखं करत समोरच्या बाकड्यावर ऐसपैस बसला.

"अस्तर बदलायचंय. पर माझ्यासमूर उसवा, मास्तर. म्या इथंच बसतो."

गयासनं चष्म्याच्या वरून त्याच्याकडं पाहिलं. वैशाखातली दुपार, शहागंजच्या रस्त्यावर ऊन नुसतं ओतलेलं, त्यात रमजानचे रोजे. आणि हा मुकुंदवाडीकडचा शेतकरी लोकरीचा कोट घेऊन दुकानात आला होता. ईद पंधरा दिवसांवर आली की दर्ज्याला मान वर करायला सवड नसते. गयासच्या मागं कुर्त्यांच्या आणि पायजम्यांच्या कापडाची चळत छताला भिडायची तेवढी बाकी होती.

"पाटील, थंडीला अजून सहा महिने आहेत. ईद होऊ द्या, निवांत करून देतो."

"आत्ताच पायजे."

"बरं, आत्ता. पण उसवताना बघायचं काय असतं त्यात? कापड काय मी खाणार आहे?"

"खाल असं कुठं म्हनलं? बघतो, बस्स."

सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, ही म्हण गयासनं गिऱ्हाइकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती, की तिचा राग यायचा कधीच बंद झाला होता. हाही त्यातलाच एक संशयी प्राणी, असं समजून त्यानं कोट उलटा केला आणि ब्लेड घेतलं.

अस्तर बघून मात्र त्याला नवल वाटलं. भुरकट साटीनचं ते अस्तर कुठं विरलेलं नव्हतं, कुठं फाटलेलं नव्हतं. फार तर दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी घातलेलं असावं, आणि तेही घाईनं. बाहीच्या मुंढ्याशी हातानं शिवायचं ते मशीनवर मारून मोकळा झाला होता.

"हे तर नवंच आहे."

"नीट बसलं नाय."

गयासनं खालच्या घेरापासून उसवायला सुरुवात केली. जसजसं अस्तर सुटत गेलं तसतशी त्याला जुन्या टाक्यांची भोकं दिसू लागली. एकावर एक, कधी शेजारी शेजारी. हे अस्तर आधीही निघालं होतं, आणि एकदा नाही, तीनदा-चारदा तरी. असा काय छंद या माणसाला? त्यानं नजर वर केली. कडूबा कोटाकडं बघतच नव्हता. तो गयासच्या बोटांकडं बघत होता, आणि मधूनच त्याच्या तोंडाकडं.

पाठ सुटली, उजवी बाजू सुटली. डाव्या खांद्याशी आल्यावर ब्लेड थांबलं.

कोटाच्या खांद्यात कापसाची एक घडी असते, ती सगळेच घालतात. या कोटाच्या उजव्या खांद्यात तशी एक होती. डाव्या खांद्यात तीन होत्या. जुन्या दुलईतून कापलेल्या, एकीपेक्षा दुसरी थोडी लहान, काळ्या दोऱ्यानं गव्हाच्या दाण्याएवढ्या टाक्यांनी पक्क्या केलेल्या. ती दुलई गयासच्या आईची होती. ते टाके गयासचे होते.

काळ्या सर्जच्या कापडाचे असे कोट त्यानं शेकड्यानं शिवले होते. बाहेरून हा कोट समोर पडला होता तेव्हा त्याला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. बटणं बदललेली, रंग उडालेला, कॉलर तेलकट. पण तीन घड्यांचा खांदा त्यानं आयुष्यात एकदाच शिवला होता. त्याचा पोरगा कय्युम सात वर्षांचा असताना चिंचेवरून पडला होता. हाड बसवणाऱ्यानं बसवलं, पण डावा खांदा बोटभर खाली राहिला तो राहिलाच. पुढं जालन्याच्या जिनिंगमध्ये त्याला कारकुनी लागली, तेव्हा बापानं हा कोट शिवला. आरशात दोन्ही खांदे सारखे बघून पोरगा हसत सुटला होता. 'अब्बा, आपने तो हड्डी सीधी कर दी,' म्हणाला होता. तोच कोट घालून तो जालन्याच्या गाडीत बसला. पंधरा दिवसांत पोलीस ॲक्शन झाली, गाड्या बंद पडल्या, आणि त्यानंतर सहा वर्षं होत आली तरी त्याची काही खबर नव्हती.

गयासनं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"काय झालं, मास्तर?"

"कुठं काय? ऊन आहे. रोजा आहे."

"मंग दम खा जरासा."

त्यानं दम खाल्ला नाही. चष्मा चढवला, डावा खांदा उसवला, अस्तर बाजूला केलं आणि कोटाची घडी घातली.

"रविवारी बाजारला याल ना? तेव्हा घेऊन जा."

कडूबा उठला. उंबऱ्याशी जरा घुटमळला, काहीतरी विचारावं तसं त्याचं तोंड झालं. मग चपला पायांत सरकवून तो उन्हात निघून गेला.

हा कोट कुठून आणला? एवढे चार शब्द गयासला विचारता आले असते. त्या दिवसांत कुणाच्या घरातलं काय कुणाच्या घरी गेलं याची मोजदाद कुणी ठेवली नव्हती. हांडे गेले, बैल गेले, पेट्या गेल्या. कोटही गेला असेल. त्याला कडूबाचा इतका राग आला, की हातातली कात्री त्यानं फळीवर आदळली. पण रागाच्या तळाशी भीती होती, आणि ती रागापेक्षा मोठी होती. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. न विचारता कय्युम कुठंतरी होता: कराचीत, हैदराबादेत, मुंबईच्या एखाद्या गोदीत. विचारलं की तो कुठंच उरणार नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ते खोटं नाही.

संध्याकाळी तो लोटा कारंजाजवळच्या आपल्या घरी गेला, तेव्हा इफ्तारीला थोडा अवकाश होता. अमिना, त्याची बायको, खजूर आणि चण्याची डाळ ताटलीत काढून बसली होती. खिडकीपाशी सून जहांआरा पांढऱ्या कुर्त्याला काज करत होती. दुकानातली सगळी काजं तीच करायची. असा सफाईचा हात अख्ख्या औरंगाबादेत नाही, असं गयास गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचा. पण हा कुर्ता गिऱ्हाइकाचा नव्हता. दर ईदला कय्युमसाठी एक नवा कुर्ता शिवायचा, हा अमिनाचा दंडक होता. पाच कुर्ते पेटीत घडी घालून पडले होते. हा सहावा.

"बाजू की सिलाई में जरा माया ज्यादा छोडे ना जी?" अमिनानं विचारलं. "बदन भर गया होंगा अब उसका."

"हौ, छोडी है."

जहांआराची सुई थांबली नाही. कय्युम गेला तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि लग्नाला तीन महिने झाले होते. आता चोविसाव्यात होती. गेल्या महिन्यात पैठण गेटकडच्या एका हिमरू विणणाऱ्याचं स्थळ आलं होतं. भला माणूस, बायको वारलेली, मूलबाळ नाही. काझीसाहेबांकडं गयास दबकत विचारायला गेला, तेव्हा ते म्हणाले होते, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारा कुणी गवाह आणा. पोरगा जिवंत आहे का नाही हेच ठाऊक नसताना मी निकाह कसा लावू? आणि अमिना त्या दिवशी घर डोक्यावर घेऊन बसली होती. माझ्या लेकाची बायको दुसऱ्याच्या घरी जाणार? उद्या तो दारात उभा राहिला तर कुठल्या तोंडानं सांगू? त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. जहांआरानं हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं. मात्र त्या दिवसापासून तिनं आरशावर ओढणी टाकून ठेवली होती, आणि ती कुणी काढली नव्हती.

मशिदीतून अजान आली. तिघांनी खजूर तोंडात घातला. सांगावं, असं गयासच्या मनात आलं. खजूर गिळेपर्यंत ते विरून गेलं.

पुढचे तीन दिवस ईदच्या कपड्यांच्या ढिगात तो कोट वरखाली होत राहिला. गयास दहा कुर्ते मशीनवर मारायचा आणि मग अपराध्यासारखा कोट पुढ्यात ओढायचा. अस्तरासाठी त्यानं आपल्याकडची सर्वांत चांगली, दाट विणीची साटीन काढली. एकदा त्याला वाटलं, पाठीत एक टाका असा ओढून ठेवावा, की घालणाऱ्याला जन्मभर खुपत राहावं. हात ऐकेना. चाळीस वर्षं सरळ शिवणाऱ्या हाताला वाकडं शिवायचं सुचतच नाही. पाठीच्या मधोमध त्यानं अस्तराला चूण ठेवली, म्हणजे हात पुढं केला की कापड ताणत नाही. मुंढ्याशी हातानं बारीक शिवलं. खांद्यांतला कापूस चेपून पापड झाला होता, तो काढून दोन्हीकडं नवा घातला. डावीकडं तीन पदर, एकापेक्षा दुसरा लहान. शनिवारी दुपार कलतानाच्या असरच्या नमाजाच्या आधी शेवटचा दोरा तोडून त्यानं कोटाला इस्त्री केली, आणि कोट खुंटीला लावल्यावर बराच वेळ त्याच्याकडं पाठ करून बसून राहिला.

त्यानं ठरवलं होतं. कोट द्यायचा, काही विचारायचं नाही. अमिनाची आस तिच्यापाशी राहू दे. सुनेचं काय, हा प्रश्न मनात डोकं वर काढायचा, तेव्हा तो मशीनचा पाय जोरात दाबायचा.

रविवारी कडूबा आला. जाफर गेटच्या बाजारातून थेट आला असावा. पिशवीतून कांद्याची पात बाहेर डोकावत होती. गयासनं कोट खुंटीवरून काढून पुढं केला.

"घालून बघा."

कडूबानं कोट घातला नाही. त्यानं तो उलटा केला, मांडीवर घेतला, आणि उजव्या खांद्यावरून अंगठा फिरवला. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या, पुन्हा डाव्या. बैलाच्या खांद्याची सूज चाचपावी तसा तो चाचपत होता. आणि मग तो एकदम बाकड्यावर बसला.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्याच्या आंदी चार जागी अस्तर बदललं. गुलमंडीला, सिटी चौकात, पैठण गेटाला, छावनीत. चौघांनीबी ह्या खांद्यापाशी आल्यावर एकच इचारलं. पाटील, तुमचे खांदे तर सारखे हायेत, मंग ही जादाची घडी कशापाई? कुन्या येड्यानं घातली? काढून टाकू का?"

गयासच्या हातातली टेप हळूहळू खाली घसरत गेली.

"तुम्ही नाय इचारलं. आन वरून नवी घालून दिली."

दुकानाबाहेर दोन पोरी बर्फाचा गोळा घेऊन भांडत होत्या. त्यांचं भांडण गयासला शब्दन् शब्द ऐकू आलं. त्यानं आपल्या हातांकडं पाहिलं. तोंडानं चार दिवस राखलेलं या हातांनी बोलून टाकलं होतं, आणि त्याला पत्ताही लागला नव्हता.

"कोन तुमचा?" कडूबानं विचारलं.

"मुलगा."

कडूबानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग तो खालच्या आवाजात सांगत गेला. भादवा होता, पाऊस धरून होता. पोरगा रुळांच्या कडंकडंनं जालन्याकडून चालत आला असावा. सकाळी त्याच्या मळ्याच्या बांधाला पडलेला सापडला. डोक्याला मार होता, अंगात ताप भडकलेला. "कुनी मारलं ते म्या पाह्यलं नाय, मास्तर. पाह्यलं असतं तर सांगितलं असतं." नवरा-बायकोनं त्याला उचलून गोठ्यात नेलं, कडब्याच्या आड ठेवलं. त्या दिवसांत कुणाला सांगायची सोय नव्हती. हळद लावली, दूध पाजलं. तो शुद्धीवर असा आलाच नाही. नाव नाही, गाव नाही, काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला गेला.

"त्याला आंघोळ घालताना दिसलं, डावा खांदा उतरता हाय. आन कोट बघावा तर दोनी बाजू सारख्या. तवा मनात म्हनलं, हे शिवनाऱ्यानं मानूस बघून शिवलंय."

"सहा वर्षं लागली तुम्हाला?" गयासचा आवाज फुटला. "सहा वर्षं, पाटील?"

"भेव वाटलं. खोटं कशाला बोलू? कोट दाखवला तर लोक इचारतील, तुझ्याकडं कसा आला. बायकोनं दान्याच्या कनगीत घालून ठिवला." त्यानं पागोट्याचा पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "मागल्या साली आमचा बद्रीनाथ न सांगता मंबईला पळाला. आठ महिने कागद नाय. आमची मनकर्णा रोज वाटंवर जाऊन बसायची. मंग आला पोरगा. आला त्या दिशी तिनं कनगीतून कोट काढला आन माझ्यापुढं टाकला. म्हनली, ज्याचा हाय त्याच्या आईला नेऊन द्या."

"मग सरळ विचारायचं मोहल्ल्यात."

"इचारलं ना. तीन घरच्या बाया धावत आल्या. तिघीबी म्हनल्या, माझ्याच लेकाचा. तिघींनीबी उराशी धरला. आता कुनाला खरं म्हनू, मास्तर? आन दोघींना काय सांगू?" त्यानं मांडीवरचा कोट सारखा केला. "तवा ठरवलं, ज्यानं आतून शिवला त्योच सांगंल."

गयास उठला. कुर्त्यांच्या चळतीवर त्यानं चादर टाकली, मशीनला झाकण घातलं. ईद तोंडावर आलेली असताना शहागंजातला दर्जी भर दुपारी दुकान बंद करतोय, हे बघून शेजारचा अत्तरवाला बाहेर आला, पण गयासचं तोंड बघून परत आत गेला.

"कोट घ्या," गयास म्हणाला. "हे एकट्या माझ्यापाशी नको. घरी चला, तिथं सांगा."

दोघं निघाले. अमिनाला कुठून सुरुवात करून सांगायचं, हे गयास पावलापावलाला जुळवत होता, आणि गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत त्याला एकही वाक्य जुळलं नाही. जुळवायची वेळही आली नाही. अमिना दारातच गहू निवडत बसली होती. तिनं आधी कडूबाकडं पाहिलं, मग त्याच्या हातातल्या कोटाकडं. सूप बाजूला सारून ती उठली, कोट तिनं काढून घेतला, आणि सरळ डाव्या खांद्याच्या आत हात घातला.

बोटं तिथंच राहिली. मग ती गयासला म्हणाली,

"रुई तो नयी भरी है. कब से मालूम था तुम को?"

"बुध से."

तिनं मान हलवली. तिला राग आला नव्हता. गयासला वाटलं होतं ती कोसळेल, छाती पिटून घेईल, आणि तिला सावरायला आपल्यालाच उभं राहावं लागेल. प्रत्यक्षात दाराची चौकट त्यानंच धरली होती.

अमिना कडूबाकडं वळली. बाजारात भाजीवाल्यांशी बोलायची तेवढं मराठी तिला येत होतं.

"माती कोनी दिली?"

"म्याच दिली, आक्का. बांधाला, लिंबाखाली."

"तोंड? तोंड कुनीकडं केलं?"

"मावळतीकडं," कडूबा म्हणाला. "तेवढं म्हाईत व्हतं मला."

अमिनानं डोळे मिटले. घरातून हुंदका आला तो जहांआराचा. ती खिडकीपाशी होती तिथंच होती, मांडीवर कुर्ता तसाच पसरलेला, चौथ्या काजात सुई अडकलेली. अमिना आत गेली. सुनेच्या मांडीवरून तिनं कुर्ता उचलला, दोरा दातानं तोडला, सुई सुनेच्या हातात दिली आणि कुर्त्याची घडी घातली. नंतर ती आरशापाशी गेली. त्यावरची ओढणी तिनं काढली आणि सुनेच्या डोक्यावर घातली.

"उठ," तिनं म्हटलं. "पाटील को पानी दे."

ती पुन्हा दारात आली तेव्हा तिचे गाल ओले होते, पण आवाज ओला नव्हता.

"पाटील, हेच काझीसाहेबांसमोर सांगनार? आपल्या डोळ्यांनी पाह्यलं म्हनून?"

गयासनं बायकोकडं पाहिलं. सहा वर्षं आपण हिच्यासाठीच आस धरून आहोत, असं तो समजत होता.

"सांगीन," कडूबा म्हणाला. "म्हनाल तिथं येऊन सांगीन."

जहांआरानं पाण्याचा पेला पुढं केला. कडूबानं पेला घेतला, पण ओठांना लावला नाही. तिघांच्या सुकलेल्या तोंडांकडं पाहून तो संकोचला.

"तुमचे रोजे हायेत. तुमच्यापुढं कसा पिऊ?"

"आमचे हायेत," अमिना म्हणाली. "तुम्ही प्या. तुमाला अजून बोलायचंय."